तलाव एक, वाटेकरी तीन : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी कोकणातल्या बांधीव तलावांबद्दलची आहेत. तलाव बांधला कारखान्यासाठी किंवा औद्योगिक वसाहतीसाठी. आता गावाला तिथे नौकाविहार हवा आहे. आणि कोणी बोलावले नसताना बदके, मगरी, पाणमांजरे तिथे येऊन राहिली आहेत. या तिघांचे भांडण बहुतेक वेळा पाण्याच्या पातळीवरून असते, म्हणून उत्तरांची सुरुवातही तिथूनच केली आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या हद्दीत एका कारखान्याचा तलाव आहे. पूर्ण भरल्यावर साठा २२ लाख घनमीटर आणि पाण्याचा पसारा ४० हेक्टर. कारखाना रोज ६० लाख लिटर पाणी उचलतो. पावसाळ्यानंतर तलाव समुद्रासारखा दिसतो, तरी व्यवस्थापन म्हणते की जादा पाणी नाही. नौकाविहारासाठी पाणी राखून ठेवा, अशी आमची मागणी आहे. ती रास्त आहे का?
— ग्रामपंचायत सदस्य, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आधी हिशेब मांडू. असा हिशेब गावानेही स्वतः मांडावा, कारखान्याच्या कागदावर विसंबू नये.

६० लाख लिटर म्हणजे दिवसाला ६,००० घनमीटर. कोकणात सांडवा साधारण सप्टेंबरअखेर वाहायचा थांबतो, आणि ओढ्याला भरवशाचे पाणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते. १ ऑक्टोबर ते १२ जून हे २५५ दिवस होतात. एवढ्या दिवसांत कारखान्याला १५.३ लाख घनमीटर लागणार. आता बाष्पीभवन. आपल्या हवेत दिवसाला सरासरी साडेचार मिलिमीटर धरायला हरकत नाही. थंडीत ते कमी असते, एप्रिल-मेमध्ये बरेच जास्त. पाणी उतरते तसा पसाराही आकसतो, म्हणून ४० ऐवजी सरासरी २८ हेक्टर धरा. तलावाच्या आकारानुसार हा आकडा बदलेल. दिवसाला १,२६० घनमीटर, म्हणजे २५५ दिवसांत सुमारे ३.२ लाख. दोन्ही मिळून १८.५ लाख झाले. २२ लाखांतले तळचे २ लाख मृत साठ्यात गेले, म्हणजे पंपाच्या तोंडाखाली राहणारे, उचलताच न येणारे पाणी. वापरण्याजोगे उरले २० लाख. शिल्लक दीड लाख, आणि त्यातूनच पाझर आणि धरणाखालच्या वहाळाला सोडायचे पाणी भागवायचे. दीड लाख घनमीटर २५५ दिवसांत वाटले तर सेकंदाला जेमतेम पावणेसात लिटर येते. पाऊस पंधरा दिवस लांबला की तेवढेही नाही. थोडक्यात, व्यवस्थापन या एका बाबतीत खरे बोलते आहे.

पण मागणीची मांडणी बदलली तर ती रास्त ठरते. होडी पाणी पीत नाही, तिला फक्त पातळी लागते. म्हणून ‘पाणी राखा’ असे म्हणण्यापेक्षा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पातळी कुठे असेल, याचे लेखी वेळापत्रक मागा. धरणाचा क्षेत्र-क्षमता तक्ता कारखान्याकडे असतोच. प्रत्येक अर्ध्या मीटरला पसारा किती आणि साठा किती, हे त्यात लिहिलेले असते. वरचा हिशेब त्या तक्त्यावर महिन्यागणिक उतरवला की मार्चअखेरची रेषा काठावर खुंट्या मारून दाखवता येते. त्या रेषेपासून पुढे जिथे किमान दोन मीटर पाणी उरते, तिथेच धक्का. तोही तरंगता हवा, दोन उभ्या खांबांवर वरखाली सरकणारा. पक्का दगडी धक्का ऑक्टोबरच्या पाण्याला बघून बांधला, तर जानेवारीत तो चिखलात उभा असतो आणि माणसे गुडघाभर गाळातून होडीकडे जाऊ लागतात. अपघात तिथेच होतात.

पाझर किती आहे हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. डिसेंबर-जानेवारीत, पाऊस नसताना, कारखाना सलग दोन दिवस बंद असेल तेव्हा पंप आणि विमोचक (धरणातून पाणी बाहेर काढायची मोरी) दोन्ही पूर्ण बंद ठेवायला सांगा. काठाजवळ ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा रोवा, त्याला तळाशी पाच-सहा छोटी भोके पाडा आणि आत मोजपट्टी लावा. पाइपाच्या आत लाटा शिरत नाहीत, त्यामुळे मिलिमीटरपर्यंत वाचन मिळते. सकाळी आठला वाचा, ४८ तासांनी पुन्हा आठला वाचा. समजा पाणी १० मिलिमीटर उतरले आणि थंडीतले बाष्पीभवन दोन दिवसांचे ८ धरले, तर उरलेले २ मिलिमीटर पाझराचे. दिवसाला एक मिलिमीटर, आणि पसारा ४० हेक्टर असेल तर ४०० घनमीटर. वरच्या शिलकीतला मोठा वाटा एवढ्यातच जातो. ओढ्याला त्या दिवसांत पाणी येत असेल तर ते वेगळे मोजून हिशेबात धरावे लागेल.

प्रश्न : पहिल्या मोठ्या पावसानंतर पहाटे तलावात शेकडो मासे मेलेले दिसले. गावात सगळे म्हणतात की कारखान्याने काहीतरी सोडले. खरे-खोटे कसे ठरवायचे?
— मच्छीमार सोसायटीचे सभासद, खेड तालुका

उत्तर : दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात. पण पुरावा फक्त पहिल्या तीन-चार तासांतच मिळतो, नंतर सगळा अंदाज उरतो.

आधी प्राणवायू संपून मरण कसे येते ते पाहू. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड आणि जड राहते, आणि दोन्ही थर मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू खाऊन टाकतो, कुजक्या अंड्यांचा वास देणारा वायू तयार होतो, जांभ्या मातीतले लोह आणि मँगनीज पाण्यात उतरते. पहिला दणदणीत पाऊस आणि वारा हे थर ढवळतो. खालचे मेलेले पाणी वर येते. वरून डोंगरावरचा चार महिन्यांचा कचरा वाहून येतो, आणि ढगाळ दिवसांमुळे शेवाळही प्राणवायू देत नाही, उलट रात्रभर तो वापरते. सगळ्यात वाईट वेळ सूर्योदयाआधीची. एका लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. मोठे मासे आधी मरतात. मरळीसारखे वरची हवा घेऊ शकणारे तगतात. ऊन चढले की मरणे थांबते.

विषाचे चित्र वेगळे असते. दिवसाच्या कोणत्याही वेळी, लहानमोठे एकदम, पिल्ले, झिंगे, पाणकिडेसुद्धा. मासे गिरक्या घेतात, उड्या मारतात, आणि मरण एखाद्या तोंडापासून, म्हणजे नाला किंवा पाइप जिथे मिळतो तिथून, पसरत जाते.

पुरावा असा ठेवा. प्राणवायू तपासायची ३०० मिलिलिटरची काचेची बूचाची बाटली आणि विंकलर पद्धतीची दोन द्रावणे, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड, जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाकडून आधीच आणून ठेवा. द्रावणे अंगावर उडू देऊ नका, दुसरे फार दाहक असते. बाटली पाण्याखाली तिरपी धरून, एकही बुडबुडा आत न राहता भरा. पिपेटचे टोक पाण्यात बुडवून दोन्ही द्रावणे दोन-दोन मिलिलिटर घाला, बूच लावा, उलटसुलट करा. साका, म्हणजे बाटलीत तयार होऊन खाली बसणारा गाळ, तपकिरी आला तर पाण्यात प्राणवायू आहे, आणि जितका गडद तितका जास्त. साका पांढराफटक राहिला तर प्राणवायू संपलेला आहे. पूर्ण मोजमाप प्रयोगशाळेत होईल, पण रंग तिथल्या तिथे दिसतो. दोन ठिकाणी करा, एकदा मासे मेले तिथे आणि एकदा नाल्याच्या तोंडाशी. शिवाय स्वच्छ काचेच्या एक-एक लिटरच्या बाटल्यांत पाणी आणि कल्ले अजून लाल असलेले चार-पाच मासे बर्फात ठेवा. कल्ले पांढरे पडलेला मासा तपासाला निरुपयोगी असतो. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला कळवा आणि त्यांचा अधिकारी येईपर्यंत बाटल्या सील करून, वेळ-जागा लिहून, पंचांच्या सह्या घेऊन ठेवा.

कारखान्याने काही सोडलेले नसले तरी त्याचा संबंध असू शकतो. पंप वरच्या थरातूनच पाणी उचलत असेल तर चांगले पाणी जाते आणि मेलेला थर जाड होत राहतो. विमोचकाला दोन-तीन उंचीवर दारे असतील तर ऑक्टोबरपासूनच मधल्या दाराने उचल करायला सांगा, आणि वहाळाला सोडायचे पाणी तळच्या दाराने, हवेत उडेल असे. तळचे पाणी थोडे-थोडे बारा महिने निघत राहिले तर जूनमध्ये एकदम वर येत नाही.

एक कळकळीची विनंती. शेवाळ मारायला कोणी मोरचूद टाकायला सांगेल, तर नको म्हणा. जांभ्या भागातले पाणी मृदू असते, त्यात चुना कमी, आणि अशा पाण्यात मोरचुदातले तांबे माशांना कितीतरी अधिक बाधते. वर एकदम मेलेले शेवाळ कुजून प्राणवायू खाते ते वेगळेच.

प्रश्न : कारखाना थंड करून झालेले पाणी तलावात परत सोडतो. हाताला कोमट लागते. यात काही नियम आहे का?
— वाचक, रोहा तालुका

उत्तर : आहे. सोडलेल्या पाण्याचे तापमान, ते ज्या जलाशयात जाते त्याच्या तापमानापेक्षा पाच अंश सेल्सिअसहून जास्त असू नये, असे सर्वसाधारण मानक आहे. साधा काचेचा तापमापक पुरतो. तोंडाशी, तिथून २५, ५० आणि १०० मीटरवर, आणि तलावाच्या लांबच्या टोकाला, सगळीकडे एक मीटर खोलीवर मोजा. दुपारी तीनला मोजू नका. तेव्हा उन्हाने सगळेच तापलेले असते. पहाटे मोजा.

कोमट पाणी प्राणवायू कमी धरते. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० ला ७.६, ३५ ला जेमतेम ७. त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते. उपाय फार महाग नाही. पाणी उथळ, रुंद, पायऱ्यापायऱ्यांच्या दगडी चरातून आणले की ते निवतेही आणि हवाही घेते. मात्र तापमानापेक्षा मोठी चिंता कूलिंग टॉवरमधल्या औषधांची. टॉवरमधून मधूनमधून सोडून द्यावे लागणारे दाट पाणी क्लोरीन आणि गंजरोधक घेऊन येते. ते तलावात परत न येता प्रक्रिया केंद्रातच गेले पाहिजे. पहिला प्रश्न तोच विचारा.

प्रश्न : शाळेच्या मुलांनी धरणाच्या बांधावर वड, पिंपळ, जांभूळ लावले आहेत, पक्ष्यांना आसरा म्हणून. शाखा अभियंता ती काढायला सांगतात. मुलांचा हिरमोड होतो आहे.
— शिक्षक, संगमेश्वर तालुका

उत्तर : अभियंता बरोबर आहेत. झाडे लहान आहेत तोवरच, या पावसाच्या आधी, मुळांसकट काढून दुसरीकडे लावा.

मातीच्या धरणात मूळ खोल जाते, पुढे झाड मरते, मूळ कुजते आणि मागे नळीसारखी वाट उरते. त्या वाटेने पाणी माती घेऊन वाहू लागले की भोक आतल्या आत वाढत जाते. घुशींची आणि खेकड्यांची बिळे हेच करतात. शिवाय झाडझाडोऱ्याखाली ओल दिसत नाही, आणि बांधावर ओल दिसणे हाच पहिला इशारा असतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली. कोकणात पावसाळ्यात बांध पाहायला उशीर करण्याची चैन कोणालाच नाही.

बांधावर फक्त आखूड गवत हवे, तेही सप्टेंबरअखेर आणि मेमध्ये कापलेले. पायथ्यापासून निदान दहा मीटर पट्टाही मोकळा. मुलांची झाडे तलावाच्या दुसऱ्या काठाला, पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे तलाव पूर्ण भरल्यावरच्या पाण्याच्या रेषेच्या, वर लावा. तिथे जांभूळ, करंज, उंबर, अर्जुन छान येतात. जुनी पोकळ झाडे मात्र तोडू देऊ नका. अडई बदके ढोलीतही घरटे करतात.

मुलांना याहून मोठे काम देता येईल. बांधाच्या पायथ्याच्या चरात पाझराचे पाणी जमते. तिथे ९० अंशांच्या कोनाची खाच असलेला पत्रा, म्हणजे व्ही-नॉच, बसवलेला असतो. नसेल तर अभियंत्यांकडून बसवून घ्या. खाचेच्या टोकापासून पाणी किती वर आहे ते पत्र्याच्या थोडे मागे, साचलेल्या भागात मोजायचे. पाच सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास, दहा असेल तर सुमारे ४.४ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपटीहून जास्त होते, म्हणून एका सेंटिमीटरची वाढही गंभीर धरायची. शाळेच्या वहीत रोज तीन रकाने : तलावाची पातळी, खाचेतली उंची, पाण्याचा रंग. तलाव भरताना पाझर वाढणे स्वाभाविक आहे. पातळी तीच असताना पाझर वाढला, किंवा पाणी गढूळ झाले, तर त्याच तासाला अभियंता, तलाठी आणि पोलीस पाटील तिघांना फोन. निवळ पाझरापेक्षा थोडाच पण गढूळ पाझर जास्त धोक्याचा, कारण ती बांधाची माती असते. मोजायला मुलांनी मोठ्या माणसाबरोबरच जायचे आणि मुसळधार पावसात जायचे नाही.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीचे धरणही त्यात येते, जर साठा १० लाख घनमीटर किंवा माथा ५०० मीटर लांब असेल, किंवा आणखी काही ठरावीक अटींपैकी एखादी लागू होत असेल. अशा धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे. मालक कारखाना असला तरी सुटका नाही. अहवाल मागायला संकोच करू नका.

प्रश्न : पक्ष्यांसाठी तलावात बेट करायचे आहे. कसे करावे? होड्या सुरू केल्या तर पक्षी निघून जातील का?
— निसर्गमंडळ, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : बेट करण्याआधी उथळ काठ करा. कोकणातले बांधीव तलाव दरीत असल्याने काठ उभे असतात, आणि पक्ष्यांना लागते ती गुडघाभर पाण्याची पट्टी फार अरुंद असते. मे महिन्यात, पाणी उतरलेले असताना, तलावाच्या शेपटाकडचा, म्हणजे ओढा येतो तिकडचा काठ १ ला ६ किंवा त्याहून मंद उताराचा करून घ्या. शून्य ते ६० सेंटिमीटर पाण्याचा एक लांब पट्टा मिळाला की जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, बगळे, वंचक आपोआप येतात. निघालेली माती तिथेच बेटाला वापरा. माती बांधाच्या जवळून कधीही काढू नका.

बेट काठापासून निदान ३० मीटर दूर असावे आणि मध्ये मे महिन्यातही मीटरभर पाणी उरावे, नाहीतर कुत्री आणि कोल्हे चालत जातात. माथा पूर्ण संचय पातळीच्या अर्धा मीटर वर, बाजू दगडांनी पक्क्या. निम्म्या बेटावर झुडपे, निम्मे उघडे रेती-गोट्यांचे.

आता वेळ. इथे पातळीचे वेळापत्रक पुन्हा येते. कमळपक्षी, पाणकोंबड्या, अडई, टिबुकली पावसाळ्यात वीण करतात. त्यांची घरटी तरंगत्या पानांवर किंवा लव्हाळ्यात असतात आणि हळू चढणाऱ्या पाण्याबरोबर बरीचशी वर उचलली जातात. नदी सुरय मात्र उन्हाळ्यात, पाणी उतरून उघड्या पडलेल्या बेटांवर, सरळ जमिनीवर अंडी घालतो. मार्च ते मे या काळात वरच्या धरणातून एकदम पाणी घेऊन तलाव अर्धा मीटर जरी चढवला, तरी वर्षाची वीण बुडते. कारखान्याला असे पाणी घ्यायचेच असेल तर फेब्रुवारीत घ्यावे. एवढी एक गोष्ट करारात लिहून घेतली तर दहा फलक लावण्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

होड्यांमुळे सगळे पक्षी जात नाहीत. पाणकावळा, खंड्या, ब्राह्मणी घार सरावतात. बदकांचे थवे सरावत नाहीत, विशेषतः नोव्हेंबर ते मार्च या काळात आलेले पाहुणे. तलावाचे दोन भाग करा. धरणाकडचा खोल भाग होड्यांना, शेपटाकडचा उथळ भाग पूर्ण बंद, मध्ये तरंगत्या बोयांची रांग. ‘थव्यापासून शंभर मीटर दूर राहा’ असा नियम कागदावर चांगला दिसतो, पण नावाड्याला पाण्यावर अंतर कळत नाही. बोया सगळ्यांना दिसतात. पायडल, वल्ह्याच्या किंवा बॅटरीवरच्या होड्याच घ्या. पेट्रोलच्या टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल पाण्यात उतरते, आणि या तलावांचे पाणी अनेकदा आसपासच्या गावांच्या नळालाही जाते.

पंपाच्या तोंडाभोवती ५० मीटर आणि सांडव्यासमोर १०० मीटर बंदी, आणि सांडवा वाहत असताना होडी पाण्यातच नाही. पंपाच्या तोंडावरची जाळी पाहून घ्या. जाळीपाशी पाण्याचा वेग सेकंदाला १५ सेंटिमीटरहून कमी असेल तर मासे ओढले जात नाहीत. पहिल्या पत्रातल्या कारखान्याचेच उदाहरण घेतले, ६,००० घनमीटर पाणी वीस तासांत उचलायचे, तर जाळीची मोकळी जागा ०.५६ चौरस मीटर लागते. गजांनी निम्मी अडते असे धरले तर जाळी १.१ चौरस मीटरची. बहुतेक ठिकाणी ती याच्या निम्मीही नसते, त्यात जलपर्णी अडकते आणि वेग आणखी वाढतो.

प्रश्न : आमच्या तलावात मगर दिसते. नौकाविहाराचा प्रस्ताव गुंडाळावा का? वनखात्याने ती पकडून न्यावी अशी गावाची मागणी आहे.
— वाचक, चिपळूण तालुका

उत्तर : वाशिष्ठीत आणि महाडकडे सावित्रीत मगरी पूर्वीपासून आहेत. पुरात त्या वहाळांतून वर चढतात आणि शांत तलाव मिळाला की राहतात. एक नेली तर तिची रिकामी जागा दुसरी घेते. शिवाय मगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हात लावणे हे फक्त वनखात्याचे काम.

होडी चालू शकते, पोहणे नाही. होडी रुंद आणि काठ उंच असलेली हवी. कयाक आणि तराफा नको. धक्का गवताळ, चिखलाच्या, मंद उताराच्या काठाला करू नका, मगरी उन्हाला तिथेच येतात. मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते, पिल्ले सुमारे दोन महिन्यांनी निघतात आणि या काळात ती जागा सोडत नाही, अंगावर येते. घरटे सापडले तर तो काठ जूनअखेरपर्यंत दोन्ही बाजूंना शंभर मीटर बंद.

होडीतल्या पर्यटकापेक्षा धोका जास्त आहे तो धुणी धुणाऱ्या बायकांना आणि गुरे पाण्यावर नेणाऱ्या पोरांना. त्यांच्यासाठी एका ठिकाणी लोखंडी जाळीचा, पाण्यात तीन मीटर आत जाणारा बंदिस्त घाट करा. जाळी तळापर्यंत आणि पुराच्या पातळीच्या वर गेलेली असावी. पर्यटनाच्या निधीतला पहिला खर्च हाच असला पाहिजे. आणि हॉटेलचे उरलेसुरले मांस, मासळीची घाण तलावात टाकण्यावर कडक बंदी. खाऊ मिळणारी मगर माणसाला भीत नाही.

प्रश्न : कोलाडला राफ्टिंगला गेलो होतो. ‘आज पाणी सुटले नाही’ म्हणून परत यावे लागले. नदी असून पाणी कसे नाही?
— वाचक, पनवेल

उत्तर : पावसाळा सोडला तर कुंडलिकेतले ते पाणी घाटावरचे असते. मुळशी तलावाचे पाणी घाटाखाली भिरा येथे येते, तिथे १९२७ पासून वीजनिर्मिती होते. जनित्रांवरून उतरलेले पाणी खाली रवाळजेला अडवून सोडले जाते, आणि त्या सोडलेल्या पाण्यावर राफ्ट चालतात. खाली तेच पाणी उद्योगांना आणि शेतीला जाते. जनित्रे विजेच्या मागणीप्रमाणे चालतात, आपल्या सुट्टीप्रमाणे नाही. कोयनेचे पाणी पोफळी-कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते तिथेही तसेच. तिथे तर पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे.

आदल्या रात्री आयोजकाला फोन करून सकाळची वेळ विचारा. आणि एक लक्षात ठेवा. कोरड्या पात्रात खडकांवर जेवायला बसू नका. भोंगा झाला की सामान आवरत बसायचे नाही, आधी काठ गाठायचा.

प्रश्न : तलावात मासे सोडायचे आहेत. तिलापिया आणि मागूर लवकर वाढतात म्हणतात.
— बचत गट, माणगाव तालुका

उत्तर : आफ्रिकन मागूर मुळीच नको, त्यावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली आहे. तो सगळे खातो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. तिलापिया थोड्या वर्षांत इतकी पिल्ले करतो की तलावभर बोटाएवढे मासे उरतात. दोन्ही सांडव्यावरून खाली नदीत उतरतात, आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत जगात दुसरीकडे न सापडणारे मासे आहेत. रोहू, कटला, मृगळ ही बाहेरचीच, पण बंद तलावात सहसा वीण न करणारी माणसांनी पोसलेली जात. बोटुकली निदान ८ ते १० सेंटिमीटरची झाल्यावर सोडा, नाहीतर मरळ आणि पाणकावळे ती संपवतात. डासांसाठी गप्पी मासेही या तलावात सोडू नका. डोक्यावर चमकता ठिपका असलेला आपला छोटा मासा ते काम करतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वलगण. पहिल्या पावसात नदीचे मासे वहाळांतून, शेतांतून वर चढून वीण करतात. दक्षिणेकडे त्यांना चढणीचे मासे म्हणतात. तुमचे धरण त्यांच्या वाटेत उभे आहे. उंच धरणावर ते चढणार नाहीत. पण सांडव्याच्या शेवटची एक-दीड मीटरची उभी पायरी, किंवा खालच्या वहाळावरचा छोटा बंधारा, एवढ्यानेही कितीतरी अंतर बंद होते. तिथे मोठे दगड रचून १ ला २० उताराची डबक्याडबक्यांची वाट करा. एका डबक्यातून दुसऱ्यात चढ १० ते १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक डबके निदान ३० सेंटिमीटर खोल. दीड मीटर चढायला अशी तीस मीटर लांब वाट लागेल. दगड सिमेंटने गुळगुळीत करू नका, खडबडीत तळाशीच माशांना दम घ्यायला जागा मिळते. पहिल्या पावसाचे आठ-दहा दिवस त्या वाटेवर जाळे आणि काठी दोन्ही बंद, हे गावाने ठरवायचे.

प्रश्न : आमचा तलाव कायद्याने ‘पाणथळ जागा’ ठरतो का?
— वाचक, मालवण तालुका

उत्तर : पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतून, खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय आणि खास सिंचन, मत्स्यशेती, मीठ किंवा मनोरंजनासाठी बांधलेली कामे वगळलेली आहेत. त्या यादीत उद्योगाचे नाव नाही. म्हणून तलाव मूळ कोणत्या कामासाठी मंजूर झाला, तो आदेश आधी शोधा. सगळा मुद्दा तिथे ठरतो. वगळलेला निघाला तरी त्यातले प्राणी-पक्षी वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात राहतातच. तुमच्याच तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० सालचा, सिंचनासाठी बांधलेला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता दिली, ती वाट वेगळी आहे. अर्जात ‘पक्षी आहेत’ एवढे लिहून भागत नाही. तीन हिवाळे आणि तीन पावसाळे, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या चार जागांवरून केलेली गणती आणि शेजारच्या रकान्यात त्या दिवसाची पाण्याची पातळी, एवढे जोडा.